चव घ्यायला या!

नाशकात राहायचं आणि वाइनबद्दल ‘लाल की पांढरी?’ याच्यापुढे काही विचारायचंच नाही, हे मला पटत नाही. 2000 साली सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली, 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर झालं, आणि पुढे दिंडोरी-इगतपुरीकडे वायनऱ्या उभ्या राहिल्या. तरी आमच्याकडचे पाहुणे वायनरीवर जातात, बागेत फोटो काढतात आणि ‘कशी होती?’ विचारलं की ‘छान होती’ म्हणून मोकळे होतात. म्हणून अधूनमधून मी घरीच मंडळी बोलावते. निमंत्रण ‘चव घ्यायला या’ असं असतं. ‘प्यायला या’ म्हटलं की वेगळीच माणसं येतात.

आठ जण पुरे, आणि वाइनही चारच. 750 मिलीच्या बाटलीतून 50 मिलीप्रमाणे पंधरा जणांना देता येते, म्हणजे एकेक बाटली आठांना पुरून उरते. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची 21 वर्षं पूर्ण असावी लागतात, त्यामुळे भाचेकंपनी कोकम सरबतावर.

खरी तयारी असते ती वासाची. जिभेला गोड, आंबट, कडू असं मोजकंच कळतं. पेरू, मिरी, ओलं गवत हे सगळं नाकाला कळतं. त्या संध्याकाळी घरात उदबत्ती नाही, अत्तर नाही, मोगऱ्याचा गजरा तर अजिबात नाही. फोडण्या दुपारीच उरकायच्या आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. ग्लास दांड्याचे, वर निमुळते असावेत, आणि तिसरा हिस्साच भरावेत, म्हणजे फिरवायला जागा राहते आणि वास आत कोंडतो.

सुरुवातीला टेबलावर तीन वाट्या येतात : लिंबू पिळलेलं पाणी, साखरेचं पाणी आणि गार झालेला कडक कोरा चहा. लिंबानं तोंडाला पाणी सुटतं, ते आम्ल. चहानं हिरड्या आवळतात, जीभ खरखरीत होते, ते टॅनिन. लाल वाइन द्राक्षाच्या सालीबियांसकट आंबवतात, म्हणून तिच्यात ते जास्त उतरतं. एवढं चाखलं की ‘छान होती’ म्हणणारी माणसंसुद्धा ‘ही चहासारखी आवळतेय’ असं बोलायला लागतात.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे घालायचे. लेबल आणि किंमत दिसली की जीभ खोटं बोलते. 1976 मध्ये पॅरिसला स्टीव्हन स्परियर यांनी अशीच झाकून चाखणी ठेवली होती. परीक्षक फ्रेंच, आणि लाल-पांढऱ्या दोन्हींत पहिल्या आल्या त्या कॅलिफोर्नियाच्या वाइन!

क्रम माझा असा : फसफसणारी, मग सोव्हिन्यॉन ब्लां, मग शिराझ आणि शेवटी किंचित गोडसर शेनिन ब्लां. पांढरी आधी, लाल नंतर, हा नियम इथे मोडतो. पण गोड आधी घेतली की मागून येणारी कोरडी वाइन उगाच आंबट लागते. पांढरी दोन-तीन तास फ्रीजमध्ये हवी. लाल ‘रूम टेंपरेचरला’ द्यावी म्हणतात, ते युरोपातल्या थंड घरांसाठी ठीक आहे. नाशकातल्या मे महिन्यात लाल बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मध्ये एक मोठी तपेली ठेवायची, चाखून थुंकायला. पहिल्यांदा सगळे लाजतात.

माझा भाऊ दिंडोरीला थॉमसन ही खायची द्राक्षं पिकवतो. त्याला शिराझचा घड दाखवला तेव्हा तो म्हणाला, “ताई, ही काय द्राक्षं? बारीक मणी, जाड साल, वर बिया!” खायच्या द्राक्षात जे खपत नाही, त्यातूनच वाइनला रंग आणि अंग येतं. बाकी बागेचं गणित त्याला लगेच कळलं : एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि काढणी जानेवारी ते मार्च. युरोपात वेल थंडीत झोपतो, म्हणून तिथे एकच मुख्य छाटणी आणि शरदात काढणी. आपला वेल झोपतच नाही.

आता खाणं. चीजची थाळी मांडायची हौस मला नाही. फसफसणाऱ्या वाइनबरोबर गरम कोथिंबीर वडी द्या. तळणीचा तेलकटपणा तिचं आम्ल चटकन धुऊन काढतं. सोव्हिन्यॉनला सुरळीची वडी, शिराझला सुकं मटण, पण तिखट हात आखडून. मिरचीनं अल्कोहोल जास्त जाळतं आणि टॅनिन कडवट होतं, त्यामुळे आमची लाडकी मिसळ आणि शिराझ यांचं जमत नाही. तिखटच हवं असेल तर गार, गोडसर शेनिन घ्या. ही जोडी मला सगळ्यांत आवडते, आणि पाहुण्यांची तपेली नेमकी इथेच रिकामी राहते.

गाडी कोणी आणायची नाही, हे आमंत्रणातच सांगा. परतीच्या रिक्षा यजमानानंच बोलवाव्यात. उरलेली लाल-पांढरी घट्ट बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते. फसफसणारी मात्र त्याच रात्री संपवा.