इंचभर मातीवर साडेआठशे जाती

नवरात्रात तुळजापुरात झेंडूचे ढीग लागतात. टेम्पो भरभरून येणाऱ्या त्या फुलांत जाती शोधल्या तर निघतील एक-दोनच, आणि त्याही मूळच्या मेक्सिकोच्या. साताऱ्याजवळच्या कास पठाराचं गणित नेमकं उलटं. क्षेत्र अवघं १० चौरस किलोमीटरच्या आसपास आणि सपुष्प वनस्पतींच्या जाती ८५० हून अधिक! अख्ख्या ब्रिटनचा पसारा सुमारे २,४३,००० चौरस किलोमीटरचा. तिथल्या मूळच्या जाती साधारण दीड हजार.

कासची उंची सुमारे १,२०० मीटर, म्हणजे तुळजापूरच्या जवळपास दुप्पट. दोन्हीकडे खाली खडक एकच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कासवर मात्र त्याच्या माथ्यावर जांभ्याचं कवच आहे आणि त्यावर माती बहुतेक ठिकाणी जेमतेम इंचभर. मोठी झाडं तिथे तग धरत नाहीत. मग ऊन-पावसाचा मोकळा वाटा बुटक्या रोपांना मिळतो: पाणी साचलेल्या खळग्यात एक जात, वीतभर पुढच्या भेगेत दुसरी.

वाकून पाहिलं की आकडे आणखी चक्रावून टाकतात. गेंद या बुटक्या रोपाचा पांढरा गोंडा वाटाण्याएवढा, पण ते एक फूल नव्हे, चिमुकल्या फुलांचा अख्खा गुच्छ. ‘सीतेची आसवं’ हे नखाएवढं जांभळं फूल नाजूक दिसतं. चिखलात दडलेल्या त्याच्या सूक्ष्म पिशव्या मात्र शिकारी. मातीत नायट्रोजन कमी, म्हणून बारीक जीव गिळायचे. तेही सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात. पापणी लवायला त्याच्या शंभरपट वेळ लागतो. टोपली कारवी याच्या अगदी विरुद्ध: सात वर्षांतून एकदाच फुलते.

२०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात कास आहे. गर्दी वाढली तशी दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आली. ती का, याचा हिशेब सोपा आहे. प्रत्येकाने वाट सोडून दहाच पावलं टाकली, तर दिवसाला ३०,००० पावलं. एका पावलाखाली २०० चौरस सेंटिमीटर धरले आणि दर पाऊल नव्या जागी पडलं, तर रोज ६०० चौरस मीटर जमीन तुडवली जाईल. दीड महिन्याच्या हंगामात जवळपास पावणेतीन हेक्टर!

तेव्हा कासला जरूर जा, पण फोटो वाटेवरूनच काढा.