स्वयंपाकघरातील खुंटाळे

मांजर, उंदीर आणि मुंग्या यांच्यापासून अन्न राखावयाचे तर ते अधांतरी टांगावे, ही युक्ती भारतात फार जुनी आहे. संस्कृतातील ‘शिक्य’ हाच शब्द मराठीत शिंके, हिंदीत छींका आणि बंगालीत शिका या रूपांनी नांदतो. केरळात व तमिळनाडूत त्याच वस्तूला ‘उरी’ म्हणतात. दोरीचे तीन-चार पदर, खाली एक कडे किंवा जाळे आणि त्यात दह्यादुधाचे मडके, एवढीच त्याची रचना. शिंके आढ्याला किंवा तुळईला बांधलेले असते. त्याचा सारा भार सरळ खाली ओढतो, आणि तुळई भक्कम असली की काळजीचे कारण उरत नाही.

भिंतीला टांगणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. भिंतीवरील खुंटीला भार खाली ओढतो आणि त्याच वेळी तिला भिंतीतून बाहेर उपटू पाहतो. हा दुसरा ओढा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सहसा विचारात घेतला जात नाही; आणि पळ्या-झाऱ्यांची पट्टी एके दिवशी गिलाव्याच्या खपल्यासह ओट्यावर कोसळते ती त्यामुळेच. तिच्याखाली त्या वेळी उकळत्या तेलाची कढई असू शकते.

मराठीत ‘खुंटाळे’ हा शब्द पूर्वीपासून आहे. लाकडी फळीत ओळीने खुंट्या बसवून ती फळी भिंतीला लावीत आणि तिच्यावर पागोटी, अंगरखे, उपरणी अडकवीत. स्वयंपाकघरातील टांगणीसाठी बाजारात अनेक इंग्रजी नावे चालतात, पण वस्तू तीच असल्यामुळे या प्रकरणात खुंटाळे हाच शब्द योजला आहे. त्याची गरज वाढली ती शहरातील घरे लहान झाल्यामुळे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ सालच्या आवृत्तीत, जेवणाची जागा वेगळी असल्यास, स्वयंपाकघराचे किमान क्षेत्रफळ ५ चौरस मीटर व किमान रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. त्यातील ६० सेंटिमीटर ओट्याने घेतले की उभे राहावयास १.२ मीटर उरतात. अशा खोलीत नवी वस्तू ठेवावयास जागा उरते ती भिंतीवरच.

खुंटाळ्याची आखणी भांड्यांपासून सुरू करावी, पण त्यांच्या संख्येपासून नव्हे, तर आकारापासून. झारा आणि उलथणे ही पसरट हत्यारे दांडीच्या टोकाला असलेल्या भोकात अडकविली की पाणी आपोआप निथळते. पळीचे तसे नाही. पळीची दांडी वाटीच्या काठावरून सरळ वर गेलेली असते. त्यामुळे ती दांडीने टांगली की वाटीचे तोंड आकाशाकडे राहते. धुतल्यानंतर उरलेले पाणी तिच्यात साचते, त्यात धूळ पडते, वर झुरळ फिरते. डाव आणि ओगराळे यांची दांडी किती तिरकी आहे यावर त्यांचे बरेवाईट ठरते. पळी आकड्याला लावणे हे खरे तर चुकीचेच आहे, जरी बहुतेक घरांत ती तशीच दिसते.

यावर एक साधा उपाय आहे. आकड्यांच्या ओळीशेजारी कंगव्यासारखे दाते पाडलेली एक अरुंद आडवी फळी बसवावी. दोन दात्यांमधील फट दांडी शिरण्यापुरती, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर असावी. पळी उलटी धरून दांडी समोरून फटीत सरकवली की वाटी पालथी होऊन फळीवर टेकते आणि दांडी खाली लोंबते. पाणी निथळून जाते, अन्नाला लागणारा भाग धुळीपासून वाचतो, आणि घेणाऱ्याच्या हाती आधी दांडीच येते. केरळातील करवंटीची पळी आणि तिची कोकणातील बहीण दवली यांना तर ही व्यवस्था फारच सोयीची. त्यांची लाकडी किंवा बांबूची दांडी आकड्यात शिरत नाही, आणि करवंटी ओली राहिली तर तिला बुरशी येते. बंगाली स्वयंपाकातील लांब दांड्याची ‘खुंती’ म्हणजे आपले उलथणेच; ती आकड्यावर सुखाने राहते. लाटणे, रवी आणि सांडशी यांची सोय ज्याने त्याने पाहावी. सांडशीचा एक पाय आकड्यात अडकवता येतो, लाटण्याला दोन आकड्यांवर आडवे ठेवता येते.

आकडे एकमेकांपासून दहा सेंटिमीटरवर असावेत, कारण झाऱ्याचे पान साधारण तेवढे रुंद असते. आकड्याची तार चार मिलिमीटर जाडीची पुरे. याहून जाड तार पुष्कळशा भांड्यांच्या भोकातून जात नाही. वर वळलेले टोक बारा ते पंधरा मिलिमीटर असावे. ते फार आखूड असेल तर जरा धक्का लागताच भांडे उडते, फार उंच असेल तर प्रत्येक वेळी हात उगाच वर न्यावा लागतो. भिंत आणि आकडा यांत पाच सेंटिमीटर मोकळे सोडावे, नाहीतर चुन्याच्या भिंतीवर प्रत्येक भांड्याखाली तेलकट डाग उमटतो.

आता भाराकडे वळू. वजनाने घाबरून जाणारे लोक नेमके चुकीच्या वस्तूला घाबरतात असा अनुभव आहे. खुंटाळे ही एक तरफ आहे. त्याची खालची कड भिंतीवर टेकलेली असते, तो टेकू. वरचा स्क्रू भिंतीला धरून ठेवतो. भार भिंतीपासून जितका दूर, तितका वरच्या स्क्रूवरील ओढा जास्त. आणि स्क्रू टेकूपासून जितका उंच, तितका तो कमी. वजनाला भिंतीपासूनच्या अंतराने गुणावे आणि स्क्रू व खालची कड यांमधील उंचीने भागावे, म्हणजे ओढा निघतो.

सात-आठ पळ्या-झाऱ्यांचे खुंटाळे भरून दीड किलो होते असे धरू. आकडे भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर आहेत आणि स्क्रू फळीच्या खालच्या कडेपासून सहा सेंटिमीटर उंच आहेत. मग वरच्या स्क्रूंवर मिळून सव्वा किलोचा ओढा येतो, म्हणजे काहीच नाही. दुसरीकडे ताटे, वाट्या, पातेली मिळून पंधरा किलो भरलेली स्टीलची मांडणी घ्या. ती पंचवीस सेंटिमीटर खोल असेल तर भार सरासरीने साडेबारा सेंटिमीटरवर आला. आणि वरचे स्क्रू खालच्या टेकूपासून पन्नास सेंटिमीटर उंच असतील तर ओढा पावणेचार किलो. एवढ्या अवजड मांडणीसाठी हेही फारसे नाही.

तिसरे उदाहरण असे. तीन किलोची लोखंडी कढई एका सुट्या, दहा सेंटिमीटर पुढे आलेल्या आकड्याला टांगली. आकड्याच्या पाठीची पत्री लहान, तिचा स्क्रू खालच्या कडेपासून जेमतेम दोन सेंटिमीटर वर. तीनला दहाने गुणून दोनने भागले की पंधरा किलो होतात. पंधरा किलोच्या मांडणीवर आला त्याच्या चौपट ओढा तीन किलोची कढई एका स्क्रूवर आणते! शिवाय कढई काढताना आपण ती नुसती उचलत नाही, थोडी स्वतःकडे ओढतोही. हा हिसका गणितात धरलेला नाही. म्हणून आलेल्या आकड्याच्या चौपट ताण सोसेल अशीच बसवणूक करावी, आणि तवा-कढई टांगावयाचीच असेल तर निदान पंधरा सेंटिमीटर उंचीच्या उभ्या फळीवर, वरच्या टोकाला स्क्रू देऊन टांगावी. फळी उंच करण्यास चार आणे जास्त लागतात असे पूर्वी सुतार म्हणत. आज त्या जागी काही रुपये म्हणावे लागेल.

स्क्रूला धरणारी भिंत कशाची आहे हे मग पाहावे. गिलावा बारा ते पंधरा मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो कोणाचाही भार घेण्यासाठी नसतो. अठरा मिलिमीटरच्या फळीतून एक इंची स्क्रू मारला तर तो गिलाव्यातच संपतो. विटेची त्याला भेटच होत नाही. फळीचे अठरा, गिलाव्याचे पंधरा आणि विटेतील निदान तीस मिलिमीटर मिळून त्रेसष्ट होतात, म्हणजे अडीच इंची स्क्रू. जुने मिस्त्री विटेत भोक पाडून त्यात लाकडी गिट्टी ठोकीत. गिट्टी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन-चार वर्षांत सैल होते. या दोषावर लंडनमधील जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तोड काढली. तागाचे तंतू चिकट द्रव्याने कडक करून त्यांनी पोकळ नळी बनवली. स्क्रू आत शिरताच ती फुगून भोकाच्या कडांना घट्ट धरते. आपल्याकडील मिस्त्री प्लास्टिकच्या कोणत्याही प्लगला ‘रावल प्लग’ म्हणतात, त्यात त्यांच्याच उत्पादनाचे नाव टिकून आहे. आजचा नायलॉनचा प्लग मात्र जर्मनीतील आर्थर फिशर यांनी १९५८ साली काढलेल्या रचनेवरून आला आहे.

प्लग गिलाव्याच्या तोंडाशी ठेवण्याची चूक सर्रास होते. तो तेथे फुगला की गिलावाच फुटतो. प्लग आत विटेपर्यंत ढकलावा. भोक विटेत पाडावे, दोन विटांमधील सांध्यात नव्हे. भोकातून लाल भुकटी येत असेल तर वीट, करडी येत राहिली तर सांधा, हे ओळखणे सोपे आहे. साडेचार इंची भिंतीत भोकाची खोली आधी ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टी लावून ठरवून घ्यावी, नाहीतर शेजारच्या खोलीत उजेड दिसतो. अलीकडच्या इमारतींतील हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतींत साधा प्लग टिकत नाही. त्यांच्यासाठी मिळणारा लांब प्लगच वापरावा. मातीच्या भिंतीत तर यांपैकी काहीच चालत नाही. तेथे लांब खुंट्या भिंत रचतानाच आत चिणाव्या लागतात, आणि ते राहून गेले असेल तर जमिनीवर उभे केलेले दोन लाकडी खांबच खुंटाळ्याला आधार देऊ शकतात.

खुंटाळे किती उंचीवर लावावे, हा प्रश्न मिस्त्रीच्या हातावर सोडला जातो, आणि मिस्त्री बहुधा पुरुष असतो. त्याचा हात सहज पोचेल तेथे तो खूण करतो. माझ्या माहितीच्या एका घरात अशी पट्टी सहा वर्षे होती. घरातील बाई झारा घेण्यासाठी प्रत्येक वेळी टाचा उचलून पेटत्या शेगडीवरून वाकत असत, आणि यात काही गैर आहे असे त्यांच्यासह कोणालाच वाटले नव्हते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे, खांदा सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास येतो. ओट्यापलीकडील भिंतीपर्यंत हात लांबवताना तो खांद्याच्या फार वर न्यावा लागू नये. ओटा ८२ सेंटिमीटर, त्यावर मोकळी जागा १५ आणि भांड्याची लांबी ३५ धरली तर आकड्यांची उंची १३२ सेंटिमीटर येते. हा हिशेब कामाचा आहे, पण त्या घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला ओट्यासमोर उभे करून खूण करणे त्याहून चांगले. जेथे बसून स्वयंपाक होतो तेथे आकडे जमिनीपासून ६० ते ६५ सेंटिमीटरवर पुरतात.

शेगडीच्या नेमके वर खुंटाळे कधीही लावू नये. तेलाची वाफ भांड्यांवर थर धरते हे त्याचे लहान कारण. पदर किंवा ओढणी ज्वाळेवरून न्यावी लागते, हे मोठे. शेगडीच्या उजव्या अंगाला, तिच्या कडेपासून निदान तीस सेंटिमीटर दूर ही त्याची जागा. डावखुऱ्या व्यक्तीसाठी डावी बाजू.

धातूविषयी थोडेच सांगावयाचे आहे. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेले स्टेनलेस स्टील मीठ, चिंच आणि समुद्राकाठची हवा बऱ्यापैकी सोसते. ते लोहचुंबकाला चिकटत नाही, म्हणून दुकानात चुंबक लावून पाहण्याची पद्धत आहे. परंतु निकेलऐवजी बरेचसे मँगनीज घातलेले स्वस्त पोलादही चिकटत नाही, तेव्हा त्या परीक्षेवर विसंबू नये. उत्तम स्टीलची पट्टी घेऊन ती साध्या लोखंडी स्क्रूंनी बसवण्याचा प्रकार किनाऱ्यावरील घरांत नेहमी दिसतो. वर्षभरात स्क्रूच्या माथ्याखालून तांबूस ओघळ येतो. तो पुसून टाकतात, आणि आत स्क्रू झिजत राहतो.

खुंटाळे बसवून झाल्यावर लगेच भांडी अडकवू नयेत. सगळ्या भांड्यांच्या दुपटीइतके वजन, पाण्याने भरलेल्या बाटल्या किंवा वाळूच्या पिशव्या, त्याला रात्रभर टांगावे आणि खाली ओट्यावर जुनी गोधडी पसरून ठेवावी. सकाळी फळीच्या वरच्या कडेशी, फळी आणि गिलावा यांच्यामध्ये, पोस्टकार्ड सरकवून पाहावे. ते शिरले नाही तर काम झाले. शिरले, तर वरचा स्क्रू बाहेर सरकू लागला आहे. तो काढून भोक अधिक खोल करावे आणि नवा प्लग बसवावा.