सेंटरफील्ड

सेंटरफील्ड : अमेरिकन रॉक गायक, गीतकार व गिटारवादक जॉन फॉगर्टी (२८ मे १९४५– ) याची दीर्घ ध्वनिमुद्रिका. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने ती जानेवारी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. तत्पूर्वी १९७५ नंतर फॉगर्टीची एकही दीर्घ ध्वनिमुद्रिका बाजारात आली नव्हती. सेंटरफील्डमधील नऊही गीते त्याने स्वतः रचलेली असून सर्व वाद्ये त्याने एकट्यानेच वाजविली आहेत व सर्व आवाजही त्याचेच आहेत. निर्मितीची सूत्रेही त्याच्याच हाती होती. ज्येष्ठ रॉक कलावंताच्या एकल पुनरागमनाचे उदाहरण म्हणून ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहेच. परंतु तीतून उद्‌भवलेल्या दाव्यामुळे अमेरिकेच्या कॉपीराइटविषयक कायद्याच्या इतिहासातही तिचा उल्लेख करावा लागतो.

पार्श्वभूमी : फॉगर्टीचा जन्म कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला व बालपण जवळच्या एल सेरिटो या गावी गेले. शाळेत असतानाच डग क्लिफर्ड व स्टू कुक या सोबत्यांसह त्याने एक छोटा वाद्यवृंद उभारला. पुढे त्याचा थोरला भाऊ टॉम हाही त्यात आला. १९६४ मध्ये या चौघांचा फँटसी या ध्वनिमुद्रण कंपनीशी संबंध जुळला आणि १९६८ पासून ते ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या नावाने प्रसिद्धीस आले. १९६८ ते १९७२ या काळात त्यांच्या सात दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांपैकी तीन एकट्या १९६९ या वर्षातील होत. ‘प्राउड मेरी’, ‘बॅड मून रायझिंग’, ‘फॉर्च्युनेट सन’ ही त्यांची गीते अमेरिकेबाहेरही पोहोचली. कॅलिफोर्नियातील या तरुणांनी दक्षिणेकडील दलदलीच्या प्रदेशाचे वातावरण आपल्या संगीतात आणले. ब्लूज, कंट्री आणि १९५०–६० या दशकातील रॉक अँड रोल यांचा साधा, ठाशीव मेळ हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

या वाद्यवृंदाची बहुतेक गीते, प्रमुख आवाज, मुख्य गिटार आणि निर्मितीची जबाबदारी ही सर्व जॉनकडे होती. इतरांना हे एकहाती वर्चस्व जाचू लागले. टॉम १९७१ मध्ये बाहेर पडला आणि १९७२ मध्ये वाद्यवृंदच विसर्जित झाला.

मौनाची वर्षे : वाद्यवृंद मोडला, तरी फँटसी कंपनीशी झालेला करार संपला नाही. ऐन तारुण्यात केलेल्या या करारान्वये गीतांचे हक्क कंपनीकडे गेले होते आणि ठराविक संख्येने नवी ध्वनिमुद्रणे देण्याचे बंधनही फॉगर्टीवर होते. कंपनीचा प्रमुख सॉल झेंट्स याच्याशी त्याचे संबंध बिघडत गेले. १९७३ मध्ये फॉगर्टीने ‘द ब्ल्यू रिज रेंजर्स’ या नावाने जुन्या कंट्री व भक्तिपर गीतांची एक ध्वनिमुद्रिका काढली. तीतही सर्व वाद्ये त्याचीच होती; परंतु मुखपृष्ठावर त्याचे स्वतःचे नाव ठळकपणे नव्हते. पुढे असायलम या कंपनीतर्फे १९७५ मध्ये जॉन फॉगर्टी ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिला बेताचाच प्रतिसाद मिळाला. १९७६ मध्ये तयार झालेली हूडू ही ध्वनिमुद्रिका अपेक्षित दर्जाची नसल्याचे कंपनीला वाटले व ती प्रसिद्धच झाली नाही.

याच सुमारास, १९७७ मध्ये, बहामा बेटांवरील एक बँक बुडाली व वाद्यवृंदाच्या सदस्यांनी तीत गुंतविलेली मोठी रक्कम नाहीशी झाली. शेवटी फँटसीच्या करारातून सुटका करून घेण्यासाठी फॉगर्टीने आपल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरील कलावंत म्हणून मिळणाऱ्या स्वामित्वधनावर, म्हणजे रॉयल्टीवर, पाणी सोडले. स्वतःची जुनी गीते जाहीर कार्यक्रमांतून गाणेही त्याने बंद केले, कारण त्यांचा लाभ ज्याच्याशी आपले वैर आहे त्याच्या पदरात पडावा हे त्याला मान्य नव्हते. ज्या गीतांनी त्याला नाव दिले, तीच त्याला परकी झाली. नवी गीतेही सुचेनाशी झाली. या स्थितीतून बाहेर पडण्याचा प्रयत्न म्हणून सेंटरफील्डकडे पाहावे लागते.

ध्वनिमुद्रण : कॅलिफोर्नियातील सॉसलिटो येथील ‘द प्लँट’ या ध्वनिमुद्रणगृहात १९८४ च्या उन्हाळ्यात हे काम झाले. एकट्याने वाद्यवृंद उभा करण्याची ही पद्धत समजून घेण्यासाठी बहुपट्टी ध्वनिमुद्रणाचे तत्त्व लक्षात घ्यावे लागते. रुंद चुंबकीय ध्वनिफितीवर एकमेकींना समांतर अशा अनेक पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीवर स्वतंत्रपणे ध्वनी उमटविता येतो. कलावंत प्रथम एका वाद्याचे वादन मुद्रित करतो. मग ते कानावरील श्रवणयंत्रातून ऐकत दुसऱ्या पट्टीवर दुसरे वाद्य वाजवितो. अशा रीतीने तालवाद्ये, बेस गिटार, साथीची गिटार, मुख्य गिटार व आवाज यांचे थर एकावर एक चढविले जातात. अखेरीस सर्व पट्ट्यांचे योग्य त्या प्रमाणात मिश्रण करून दोन पट्ट्यांची अंतिम ध्वनिफीत सिद्ध होते. गिटारवादक लेस पॉल याने या तंत्राचा पाया घातला. १९७० मध्ये पॉल मकार्टनी व १९८० मध्ये स्टीव्ह विनवुड यांनी याच पद्धतीने संपूर्ण ध्वनिमुद्रिका केल्या होत्या.

या पद्धतीत एक उणीव संभवते. चार वादक एकत्र वाजवितात तेव्हा ते परस्परांकडे लक्ष ठेवून लयीत किंचित मागेपुढे होतात व त्या देवाणघेवाणीतून संगीताला जिवंतपणा येतो. एकट्या वादकाला हा संवाद स्वतःशीच करावा लागतो. तालवाद्ये वाजविताना, अद्याप न वाजलेली गिटार मनात ऐकू येत असावी लागते. ताल ढिला पडला, तर त्यावर रचलेला सर्व डोलारा डळमळतो. मूळचा गिटारवादक असलेल्या फॉगर्टीने मौनाच्या वर्षांत इतर वाद्यांचा, विशेषतः तालवाद्यांचा, नियमित सराव केला होता. सॅक्सोफोनही त्यानेच वाजविला. त्या काळी लोकप्रिय झालेल्या कृत्रिम स्वरनिर्मिती करणाऱ्या यंत्रांचा व तालयंत्रांचा उपयोगही येथे काही प्रमाणात आढळतो. तथापि एकंदर घडण चार माणसांच्या जुन्या वाद्यवृंदासारखीच सुटसुटीत ठेवलेली आहे.

गीते : ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे पहिलेच गीत दलदलीच्या प्रदेशातील गूढ वातावरणाचे व गिटारच्या घुमणाऱ्या आवर्तनाचे आहे. जुन्या श्रोत्यांना त्यात परिचित फॉगर्टी भेटला. ‘रॉक अँड रोल गर्ल्स’ व ‘बिग ट्रेन’ या गीतांत बालपणी ऐकलेल्या संगीताचे स्मरण आहे. ‘आय सॉ इट ऑन टी. व्ही.’ मध्ये केनेडींच्या हत्येपासून व्हिएटनाम युद्धापर्यंतच्या घटना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहत वाढलेल्या पिढीचे आत्मकथन येते. ध्वनिमुद्रिकेला जे नाव मिळाले, ते बेसबॉल या खेळातील एका क्षेत्ररक्षकाच्या जागेचे आहे. ही जागा मैदानाच्या मधल्या भागात पण बरीच मागे असते व ती सांभाळणारा खेळाडू चपळ असावा लागतो. गीताचा नायक राखीव खेळाडू असून आपल्याला आता मैदानात उतरवावे, अशी गळ तो प्रशिक्षकाला घालतो. बराच काळ बाहेर बसलेल्या कलावंताचे मनोगतच या रूपकातून व्यक्त झाले आहे.

ही ध्वनिमुद्रिका मार्च १९८५ मध्ये अमेरिकेतील बिलबोर्ड साप्ताहिकाच्या दीर्घ ध्वनिमुद्रिकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली व तिच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. योगायोग असा, की झेंट्स हा चित्रपटनिर्माताही होता आणि त्याच महिन्यात त्याच्या अमाडेउस या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

न्यायालयीन वाद : ध्वनिमुद्रिकेतील ‘मिस्टर ग्रीड’ व ‘झँझ कँट डँझ’ ही दोन गीते आपली बदनामी करणारी आहेत, असा दावा झेंट्सने केला. दुसऱ्या गीतातील नाव बदलून ‘व्हँझ’ करण्यात आले व हा वाद पुढे तडजोडीने मिटला. दुसरा दावा अधिक विलक्षण होता. ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे गीत म्हणजे १९७० मधील ‘रन थ्रू द जंगल’ या गीताचेच संगीत नव्या शब्दांसह होय, असे फँटसी कंपनीचे म्हणणे होते. ते जुने गीत फॉगर्टीचेच असले, तरी त्याचा कॉपीराइट कंपनीकडे होता. म्हणजे फॉगर्टीने स्वतःचीच नक्कल केली, असा हा आरोप झाला. १९८८ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील ज्यूरीपुढे फॉगर्टीने साक्षीच्या वेळी गिटार वाजवून आपली रचनापद्धती समजावून दिली. एकाच रचनाकाराच्या दोन कृतींत शैलीचे साम्य असणारच. त्याला चोरी म्हणता येणार नाही, हा त्याच्या बचावाचा गाभा होता. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला.

दाव्याचा खर्च मात्र दहा लाख डॉलरांहून अधिक झाला होता. कनिष्ठ न्यायालयांनी वकिलांचे शुल्क फॉगर्टीला मिळवून देण्यास नकार दिला, कारण दावा वाईट हेतूने केला असल्याचे सिद्ध झाल्याखेरीज विजयी प्रतिवादीला असे शुल्क देऊ नये, असा प्रघात होता. विजयी वादीला मात्र ती अट नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च १९९४ रोजी हा भेद रद्द ठरविला. कॉपीराइटच्या कायद्याचा अंतिम हेतू लोकांना निर्मितीचा लाभ मिळावा हा आहे; त्यासाठी हक्काची मर्यादा स्पष्ट होणे आवश्यक असते आणि योग्य बचाव करणारा प्रतिवादीही वादीइतकेच ते कार्य करतो, असे न्यायालयाने म्हटले. वादी व प्रतिवादी या दोघांना एकच कसोटी लावावी. मात्र शुल्क आपोआप न देता न्यायालयाने तारतम्याने ठरवावे, असा हा निर्णय आहे. त्यानुसार फॉगर्टीला पुढे शुल्क मिळाले.

उत्तरकाळ व मूल्यमापन : १९८६ मधील आय ऑफ द झोंबी या ध्वनिमुद्रिकेला असे यश मिळाले नाही, परंतु १९९७ मधील ब्ल्यू मून स्वॉम्प हिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. जुनी गीते जाहीरपणे न गाण्याचा निश्चय फॉगर्टीने १९८७ मध्ये सोडला व त्या वर्षीच्या ४ जुलै रोजी व्हिएटनाम युद्धातील माजी सैनिकांसाठी झालेल्या कार्यक्रमात ती गाइली. फँटसी कंपनी २००४ मध्ये काँकर्ड या कंपनीच्या ताब्यात गेल्यावर सोडून दिलेले स्वामित्वधन त्याला पुन्हा मिळू लागले आणि २०२३ मध्ये आपल्या जुन्या गीतांच्या प्रकाशनहक्कांचा मोठा वाटा त्याने विकत घेतला. ‘सेंटरफील्ड’ हे गीत बेसबॉलच्या मैदानांवर रूढ झाले असून २०१० मध्ये कूपर्सटाउन येथील राष्ट्रीय बेसबॉल स्मारक-संग्रहालयाच्या समारंभात फॉगर्टीने ते सादर केले.

संगीताच्या दृष्टीने या ध्वनिमुद्रिकेत नवा मार्ग नाही. उलट जुन्याच वाटेवर ती परत येते. परंतु ज्याची गीते कायद्याने परक्याची झाली होती, त्या रचनाकाराची शैली मात्र त्याचीच राहते, हे तिने आधी ध्वनिमुद्रणगृहात आणि नंतर न्यायालयात सिद्ध केले. हेच तिचे महत्त्व होय.