नळीखालचं गुपित

पॅरिसमधल्या जर्मन वकिलातीत साफसफाई करणाऱ्या मारी बास्तियाँ केराच्या टोपलीतले कागद गुपचूप फ्रेंच हेरखात्याला पोचवत. १८९४ साली याच वाटेने एक फाटकं पत्र आलं, असं सांगतात. जर्मनांना पुरवायच्या गुपितांची ती यादी होती आणि तिच्यात पहिलाच मान होता १२० मिलिमीटर तोफेच्या हायड्रॉलिक ब्रेकला! त्यावरून कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस या निरपराध माणसाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खरं तर त्या ब्रेकमध्ये तेलाच्या जोडीला दाबलेली हवाही असे. तोफखान्यातला अधिकारी त्याचं असं अर्धवट वर्णन करणार नाही, हा मुद्दा पुढे ड्रायफसच्या बचावात आला.

बाराचा धक्का जिरवणाऱ्या एका ब्रेकसाठी एवढी हेरगिरी का? जुन्या तोफेची नळी गाड्याला जखडलेली असायची. बार उडाला की अख्खा गाडा मागे उसळे. गोलंदाजांनी तो ढकलत जागेवर आणायचा, नव्याने नेम धरायचा, मगच पुढचा बार. गाडा जागच्या जागी ठेवून एकट्या नळीलाच लांबवर मागे सरकू द्यावं, ही कल्पना जर्मन इंजिनिअर कोनराड हाउसनरची. १८९१ मध्ये त्याने पेटंटही घेतलं, पण क्रुप कंपनीने ती उचलली नाही. फ्रेंचांना मात्र तिचा सुगावा लागला आणि पॅरिसजवळच्या प्युतो इथल्या सरकारी कारखान्यात काम सुरू झालं.

त्यातून १८९७ ची प्रसिद्ध ७५ मिलिमीटर तोफ जन्मली. तिच्या नळीखाली एकावर एक दोन नळकांडी. बार झाला की नळी मीटरभराहून जास्त मागे येते आणि वरच्या नळकांड्यातला दट्ट्या तेलाला अरुंद वाटेने खाली रेटतो. त्या वाटेतून घुसताना तेल तापतं. धक्क्याचा बराचसा जोर तिथेच जिरतो. खालच्या नळकांड्यात एक सुटा, तरंगता दट्ट्या. त्याच्या एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. तेलाच्या रेट्याने हवा आणखी आवळली जाते, मग उसळून नळीला जागेवर आणून सोडते. गाडा हललेला नसतो, नेम कायम असतो. मिनिटाला पंधरा गोळे त्यामुळेच शक्य झाले.

कागदावर हे सोपं दिसतं. खरी कसोटी होती गळतीची. एवढ्या दाबाखाली तेल कडेने झिरपून हवेच्या बाजूला जाता कामा नये. मूळ आराखडा करणारा देपोर काम अर्धवट असतानाच नोकरी सोडून गेला. सेंत-क्लेर देव्हिल आणि रिमाय्यो या दोघांनी चिकाटीने ती गळती आवरली. माझ्या लेखी या तोफेचे खरे शिल्पकार तेच.

जर्मनीने १८९६ मध्ये जखडलेल्या नळीचीच नवी तोफ स्वीकारली होती. वर्षभरात ती जुनी ठरली आणि पुढे तिचा गाडा बदलून घ्यावा लागला.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेलाही अशी यंत्रणा हवी होती. फ्रेंच कारागीर एकेक भाग हाताने घासून बसवत. घाऊक उत्पादन जमणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मोटारी बनवणाऱ्या डॉज बंधूंनी डेट्रॉइटमध्ये त्यासाठी वेगळा कारखाना उभारला आणि १५५ मिलिमीटर तोफांची ही यंत्रणा यंत्रांवर बनवून दाखवली.