मीठ पाण्यात कोठे जाते?

मुलांनो, वरणगावजवळ तापी नदीवर हतनूर धरण आहे. त्याच्या वरच्या बाजूस पूर्णा नदी तापीला मिळते. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत, खारपाणपट्टा आहे. तेथील अनेक विहिरींचे पाणी स्वच्छ दिसते, पण खारट लागते. फडक्याने गाळले तरी ते खारटच राहते. असे का?

त्या पाण्यात मिठासारखे क्षार विरघळलेले असतात. मिठाचा खडा आयनांचा बनलेला असतो. सोडियमच्या आयनावर धन प्रभार असतो व क्लोराइडच्या आयनावर ऋण प्रभार. म्हणून ते एकमेकांना घट्ट धरून असतात. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडील बाजू किंचित ऋण असते. ती सोडियमला ओढते. हायड्रोजनकडील बाजू किंचित धन असते. ती क्लोराइडला ओढते. अशा रीतीने आयन सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू जमतात. इतके लहान कण फडक्यात कसे अडकणार?

पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण मीठ जात नाही. बशीत थोडे मिठाचे पाणी घेऊन उन्हात ठेवा. पाण्याची वाफ होईल, मीठ मागे राहील. तीच वाफ थंड केली, तर गोडे पाणी मिळते.