जुनं मशीन उघडताना: सेमी ऑटोमॅटिकच्या साडेतीन दशकांचा मागोवा

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत कपडे धुण्याचं मशीन शिरलं ते ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्या वेळी आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत घेतलेली दोन टबांची सेमी ऑटोमॅटिक मशीनं काही घरांत आजही चालू आहेत. बाकीची गच्चीवर, माळ्यावर किंवा जिन्याखाली झाकून ठेवलेली सापडतात. गेली अनेक वर्षं मी घरची आणि ओळखीपाळखीच्यांची अशी मशीनं उघडून तपासत आले आहे. या सगळ्या काळाचा मागोवा घेताना दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. पहिली ही, की प्रत्येक काळानं या मशीनला आपापला बिघाड दिला. दुसरी ही, की घरातल्या माणसाला त्याची परीक्षा घेता यावी इतकी त्याची रचना सरळ होती. ही परीक्षा कशी घ्यायची याचं ज्ञान आता मशीनांच्या आधीच नाहीसं होऊ लागलं आहे, म्हणून हा लेख.

आगमन आणि अर्थिंग

या मशीनचं कूळ बाहेरचं. वेल्समधल्या मर्थिर टिडफिल इथल्या कारखान्यातून हूवर कंपनीनं 1948 मध्ये पल्सेटरचं, म्हणजे टबातल्या फिरत्या चकतीनं पाणी घुसळणारं, छोटं मशीन बाजारात आणलं. 1953 मध्ये जपानात सान्योनं त्याच तत्त्वावरचं मशीन काढलं आणि थोड्याच वर्षांत टीव्ही, फ्रिज व वॉशिंग मशीन ही तिथल्या संसाराची तीन मानाची चिन्हं झाली. आपल्याकडे औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) चितेगावची व्हिडिओकॉन कंपनी दूरदर्शनवरच्या जाहिरातींतून घराघरांत पोहोचली. समोरून दार उघडणाऱ्या मशीनसाठी गोव्यात वेर्ण्याला कारखाना असलेल्या आयएफबीचं नाव झालं. पण बहुसंख्य घरांनी निवडलं ते सेमी ऑटोमॅटिकच.

या निवडीमागे स्वस्ताई होतीच, पण त्याहून मोठं कारण पाण्याचं होतं. नळाला तासभर पाणी येणाऱ्या गावात सतत दाबानं पाणी मागणारं मशीन चालणं कठीण. सेमीला बादलीनं पाणी घातलं तरी चालायचं. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी असा क्रम लावता यायचा. धुण्याच्या दगडावर रोज कंबर मोडून घेणाऱ्या बायकांच्या हाती पहिल्यांदा असं यंत्र आलं, जे त्यांच्या घरच्या पाण्याशी जुळवून घेत होतं.

विजेशी जुळवून घेणं मात्र त्याला जमत नव्हतं. वाड्यांत आणि चाळींत तेव्हा दोन पिनांची बोर्डं होती, अर्थिंग नव्हतं, आणि मशीन ठेवलं जायचं मोरीजवळ, ओल्या फरशीवर. पत्र्याच्या बॉडीला हात लागला की झिणझिण्या यायच्या. पहिल्या काळाचा बिघाड हा असा मशीनपेक्षा घराचा होता.

त्यामुळे आजही जुनं मशीन पुन्हा लावायचं असेल, तर तपासणी भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करावी. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास वीज हवी. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तितकीच दिसायला हवी. न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. दुसरं माप शून्य आलं किंवा भलतंच कमी आलं, तर अर्थिंग नावापुरतं आहे असं समजावं आणि मशीन लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबू नये. अर्थिंग नसलेल्या पत्र्यावर तो प्रत्यक्ष गळती नसतानाही मंद पेटू शकतो. मीटरचं माप अधिक खरं. वीज गळाली तर लगेच पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी घरात नसेल, तर ती बसवून घेणं हा जुन्या मशीनवरचा सर्वांत शहाणपणाचा खर्च.

बेल्ट, पाणी आणि कंडेन्सर

नव्वदच्या दशकात मशीनं रुळली आणि यांत्रिक झीज दिसू लागली. गल्लोगल्ली मेकॅनिक तयार झाले. पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथून सुटे भाग आणायचे, दुपारी घरी येऊन मागचा पत्रा काढायचा आणि संध्याकाळच्या आत मशीन चालू करून द्यायचं, असा हा व्यवसाय. या मेकॅनिकांची पद्धत शिकण्यासारखी होती. आधी डोळे, मग नाक, मग हात, त्यानंतर मीटर आणि सगळ्यांत शेवटी वीज.

प्लग काढून मागचा पत्रा उघडला की तळाशी दोन मोटारी दिसतात. धुण्याची मोटार बेल्टनं पल्सेटर फिरवते, ड्रायरची मोटार थेट टबाच्या दांड्याला जोडलेली असते. पत्र्याच्या आतल्या बाजूला बहुधा वायरींचा नकाशा चिकटवलेला असतो. काही हलवण्याआधी त्याचा आणि सगळ्या जोडण्यांचा फोटो काढावा. मग पल्सेटर हातानं दोन्ही बाजूंनी फिरवावा. तो अडत असेल, तर चकतीखाली अडकलेलं नाणं, बटण किंवा मोज्याचा धागा शोधावा. खरखर येत असेल, तर ऑइल सीलमधून पाणी झिरपून बुश किंवा बेअरिंग गंजलं आहे. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या घरांत सीलपाशी पांढरट क्षार साचलेले दिसतात. बेल्ट मधोमध बोटानं दाबला की साधारण एक सेंटीमीटर दबावा. सैल असेल, तर मोटारीचे बोल्ट ढिले करून ती खाचेत थोडी मागे ओढायची. भेगा पडल्या असतील, तर बेल्ट बदलायचा.

मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, ही या काळातली सर्वाधिक ऐकलेली तक्रार. पल्सेटर हातानं मोकळा फिरत असेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. धुण्याच्या मोटारीला तो बहुधा 10 मायक्रोफॅरडच्या आसपास असतो, ड्रायरला त्याहून लहान. नेमका आकडा त्याच्या अंगावर छापलेला असतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडण्याऐवजी साध्या दिव्याच्या होल्डरची दोन टोकं लावून तो रिकामा करावा आणि मगच मीटर लावावा. छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून खाली गेला असेल, तर तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि कमीत कमी तितक्याच व्होल्टचा नवा घालावा.

कंडेन्सर चांगला निघाला तर वाइंडिंग मोजायची. धुण्याच्या मोटारीला दोन्ही दिशांनी सारख्याच जोरानं फिरायचं असतं, म्हणून तिच्या दोन वाइंडिंग सारख्या असतात. तीन वायरींपैकी सामाईक वायरीपासून दोन्ही टोकांचा रोध सारखा यायला हवा आणि टोकापासून टोकापर्यंत त्याच्या दुप्पट. एका बाजूला 20 ओहम आले, तर दुसऱ्या बाजूलाही 20 च्या आसपास हवेत आणि दोन्ही मिळून 40. यात मोठी तफावत म्हणजे आतली तार भाजली आहे. ड्रायरची मोटार एकाच दिशेला फिरते, त्यामुळे तिथे दोन्ही वाइंडिंगचे आकडे वेगळे असले तरी काळजीचं कारण नाही.

पल्सेटर एकाच बाजूला फिरत असेल, तर मोटार आणि कंडेन्सर दोन्ही निर्दोष आहेत. तेच भाग दोन्ही दिशांना काम करतात, त्यामुळे दोष टायमरच्या काळ्या पडलेल्या संपर्कात किंवा तिकडे जाणाऱ्या वायरीत असतो. इतका नेमका निष्कर्ष नुसत्या निरीक्षणातून काढू देणारं यंत्र आज घरात दुसरं शोधावं लागेल.

भारनियमनाची वर्षं

2005 मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली आणि साधारण त्याच वेळी भारनियमनाचा कठीण काळ सुरू झाला. पुढची सहा-सात वर्षं मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राचं धुणं विजेच्या वेळापत्रकावर चाललं. या काळात सेमीचा एक गुण उजळून निघाला. त्याचा टायमर घड्याळासारखा किल्लीचा असल्यामुळे वीज गेली आणि तासांनी आली, तरी हातानं बटण फिरवून काम पुढे नेता यायचं. त्याच्या स्मरणात काहीच नसल्यामुळे पुसलं जाण्यासारखंही काही नव्हतं.

पण याच वर्षांनी सर्वाधिक मोटारी जाळल्या. अशा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. 230 ऐवजी 160 व्होल्ट आले, तर सुरू होण्याची ताकद निम्म्याहूनही कमी उरते. भिजलेल्या चादरींनी भरलेला टब अशा वेळी हलत नाही; अडलेली मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढत तापत राहते आणि वाइंडिंगवरच्या व्हार्निशचा जळका वास घरभर पसरतो. गावोगावच्या रिवाइंडिंगच्या दुकानांत तेव्हा या मोटारी ओळीनं मांडलेल्या दिसत.

त्या काळानं शिकवलेली तपासणी आजही तितकीच उपयोगी आहे. मशीन बंद असताना सॉकेटवरचं व्होल्टेज बघावं आणि मग टब भरून चालवताना पुन्हा बघावं. चालू होताच वीस-पंचवीस व्होल्ट पडत असतील, तर दोष ढिल्या जोडणीत, तापणाऱ्या प्लगमध्ये किंवा घरातल्या बारीक वायरीत आहे. अशा घरात मोटार कितीदाही गुंडाळून आणली तरी पुन्हा जळेल.

वयाचे बिघाड

गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पालटलं. पाण्याच्या टाक्या आणि पंप आले, वीज बरीच टिकू लागली आणि ऑटोमॅटिक मशीनं घराघरांत आली. त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तो बिघडला की बहुतेकदा अख्खा बदलतात आणि कधी कधी त्याच्या किमतीमुळे मशीनच काढून टाकतात. 2018 मध्ये व्हिडिओकॉनवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि लाखो घरांना ओळखीचं असलेलं नाव मागे पडलं. 24 डिसेंबर 2022 रोजी केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्याचं स्वागत करायला हवं. पण सुटा भाग, नकाशा आणि तो वाचणारा माणूस हे तिन्ही एकत्र असल्याशिवाय हा हक्क प्रत्यक्षात उतरत नाही.

आज माळ्यावरून उतरवलेल्या मशीनचे बिघाड वयाचे असतात. तळाचा पत्रा गंजलेला असतो. तळ उघडा असल्यामुळे उंदीर आत शिरून वायरींचं वेष्टन कुरतडतात, म्हणून एकेक वायर बोटांमधून सरकवून बघावी. ड्रायरच्या टबाखालचा रबरी बेलो फाटला असेल, तर पाणी थेट मोटारीवर पडतं. ड्रायरचं झाकण उघडल्यावर टब चटकन थांबला पाहिजे. न थांबणारा टब हात मोडू शकतो. उलट ब्रेकची वायर ताणली गेली असेल, तर झाकण बंद करूनही ब्रेक सुटत नाही आणि मोटार गुणगुणत तापते.

पावसाळ्यानंतर तर आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. मोटारीच्या वाइंडिंगपासून बॉडीपर्यंत 500 व्होल्टच्या मेगरनं इन्सुलेशन मोजून घ्यावं. निदान एक मेगओहम आला पाहिजे. दमटपणामुळे कमी आला, तर मोटार बाहेर काढून जवळ जुना तारेचा दिवा पेटता ठेवून सुकवायची आणि पुन्हा मोजायचं. सुकवूनही आकडा वर आला नाही, तर ती मोटार वापरू नये.

पहिल्यांदा वीज देताना जुने मेकॅनिक सिरीज बोर्ड वापरत. त्यात 100 वॅटचा साधा दिवा मोटारीच्या ओळीत जोडलेला असे. दिवा मंद पेटला तर मार्ग ठीक, अजिबात नाही तर तार तुटलेली, पूर्ण तेजानं पेटला तर शॉर्ट. वाइंडिंग आणि बॉडीमध्ये जोडल्यावर पेटला, तर मोटार धोकादायक. एलईडी दिव्यानं ही परीक्षा होत नाही. हा बोर्ड विजेचं काम येणाऱ्यानंच हाताळावा; इतरांनी वीज बंद ठेवून होणाऱ्या तपासण्यांवर थांबावं.

त्यानंतर मशीन आधी रिकामं, मग पाणी भरून आणि शेवटी कपडे घालून चालवायचं. पाण्याच्या फेरीत खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं की कुठला थेंब कुठून येतो ते दिसतं. पाणी निचऱ्याच्या नळीतूनच वाहत राहिलं, तर झडपेच्या रबराखाली केसांची पिन किंवा वाळू अडकलेली असते.

काय ठेवावं, काय सोडावं

इतक्या वर्षांच्या अनुभवावरून माझं मत पक्कं आहे. बेल्ट, कंडेन्सर, ब्रेकची वायर, बेलो, निचऱ्याची झडप, टायमर यांतला दोष असेल आणि बॉडी शाबूत असेल, तर मशीन दुरुस्त करावं. एकच मोटार जळली असेल आणि रिवाइंडिंग करणारा भरवशाचा माणूस गावात असेल, तरीही करावं. तळ गंजून मोटारीचा आधार गेला असेल, किंवा सुकवूनही बॉडीला करंट येत असेल, तर मोह सोडावा. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि वॉशिंग मशीन त्यांत येतं. असं मशीन नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावं; देण्याआधी चांगला टायमर, बेल्ट आणि झडप काढून ठेवावी, दुसऱ्या कुणाचं मशीन त्यावर चालेल.

ज्यांचं मशीन चालू आहे, त्यांना एक विनंती. वाइंडिंगचे ओहम, कंडेन्सरचे मायक्रोफॅरड, बेल्टचा क्रमांक आणि तपासणीची तारीख एका कागदावर लिहून मागच्या पत्र्याच्या आत, नकाशाशेजारी चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी पत्रा उघडणाऱ्याला, मग तो मेकॅनिक असो की तुमची मुलगी, तपासणी कोऱ्या पाटीवरून सुरू करावी लागणार नाही.