अब्बांसाठी गाडीचे फोटो

आमच्या अब्बांनी यवतमाळ-आर्णी रस्त्यावर बावीस वर्षे काळी-पिवळी जीप चालवली. आता गुडघे साथ देत नाहीत, नजरही अंधुक झाली आहे. नागपूरला जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरल्याचे कळले तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही जाऊन या. माझ्यासाठी फोटो आणा."

मुलांना घेऊन आम्ही एसटीने गेलो. आधी सगळे करतात तेच केले. गाडीसमोर उभे राहून फोटो काढले. दुपारी डबा खाताना ते पाहिले, तर प्रत्येक फोटोत माणसेच जास्त आणि गाडी कमी. अब्बांना त्यात काय दिसणार? मग पुन्हा फेरी मारली. या वेळी अख्खी गाडी सोडून एकेक भाग टिपायचा ठरवला: दिवा, दाराची मूठ, नावाची पट्टी, झिजलेले पेडल.

जवळून फोटो काढणे वाटते तेवढे सोपे नाही. चकचकीत बंपर म्हणजे आरसाच, त्यात मोबाइल धरलेले आपणच दिसतो. आम्ही थोडे तिरपे उभे राहिलो आणि मुलीने समोर काळी ओढणी पसरून धरली, तेव्हा कुठे बंपर स्वच्छ दिसला. झूम केल्याने फोटो फाटतो, त्यापेक्षा एक पाऊल पुढे जावे. काढण्याआधी मोबाइलची काच रुमालाने पुसावी आणि जो भाग हवा त्यावर पडद्यावर बोट टेकवावे. भर उन्हापेक्षा सकाळचा किंवा सावलीतला उजेड बरा. आणि मालकाला विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नये.

असे जवळून पाहिले की गाडी बोलू लागते. दुसऱ्या महायुद्धातल्या जीप विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी बनवल्या. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. पण फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यावर 'एफ' अक्षर कोरले होते. प्रीमियर पद्मिनीवरची पट्टी पाहून वालचंद हिराचंद यांचा कुर्ल्याचा कारखाना आठवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली.

महिंद्राच्या जीपवरची अक्षरे पाहून मुलाने विचारले, "यात दोन 'एम' का?" १९४५ मध्ये ही कंपनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये मोहम्मदच्या जागी दुसरे महिंद्रा आले, अक्षरे मात्र तीच राहिली. मुलांनी त्या पट्टीचे चार फोटो काढले.

रात्री घरी आल्यावर अब्बांच्या हाती मोबाइल दिला. अख्ख्या गाडीचे फोटो त्यांनी नुसते पुढे सरकवले. पेडलचा फोटो आला तेव्हा थांबले, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि हसले. "क्लचचे रबर बघा, पार गुळगुळीत झालंय. हा ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवायचा. आमचे उस्ताद असल्या पोराला खाली उतरवायचे." मग तासभर आर्णीचा रस्ता, पावसातले नाले आणि टपावर बसलेली माणसे यांच्याच गोष्टी चालल्या. मुलांनी त्या पहिल्यांदाच ऐकल्या.

शेवटी त्यांनी विचारले, "आपल्या जीपचा फोटो आहे का?" शोधला. एका निकाहाच्या वेळचा सापडला, पण बोनेटसमोर बारा पाहुणे उभे आहेत आणि जीपचा फक्त एक आरसा दिसतो. जीप विकली तेव्हा तिचा नीट एक फोटो काढावा, हे आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते.

तुमच्या अंगणातही जुनी स्कूटर असेल, घरात अम्मींची शिलाई मशीन असेल. भंगारवाला दारात येण्याआधी एकदा तिच्या जवळ जा. हात लागून झिजलेली मूठ, पुसट झालेले नाव, सांधलेला पट्टा यांचे फोटो काढा. आणि ते दाखवताना वडीलधाऱ्यांच्या शेजारी थोडा वेळ बसा.